डब्याचा दुसरा कान

४ फेब्रुवारी

दादानं डबा सोडला. हॉटेलच्या मागच्या जिन्यात, शेवटच्या वळणावर. मी खाली, तो वर, मध्ये डबा, म्हणजे माझा गिटारचा अ‍ॅम्प. एकदम सगळं वजन माझ्या अंगावर आलं. मी भिंतीला चिकटलो म्हणून पाय वाचला, आणि डबा गडगडत खाली गेला. कोपरा फुटला. आत काच फुटल्याचा आवाज आला, तो अजून डोक्यातून जात नाही.

'सुटला रे,' म्हणाला.

सुटला म्हणे! इतकी वर्षं आम्ही दोघं तो अ‍ॅम्प वाहतोय. लिफ्ट बंद असताना गच्चीवर चढवलाय, टेम्पोत उभं राहून धरून ठेवलाय. तेव्हा कधी सुटला नाही. मागच्याच आठवड्यात सगळ्या बँडसमोर म्हणाला होता, 'हा धोंडा आता बदल बाबा.' आणि या आठवड्यात धोंडा बरोबर सुटतो. मी काय दूधखुळा आहे?

वर पुन्हा साधी माफी नाही. स्वतःच्या हाताकडे बघत उभा राहिला, जसं काही लागलं ते त्यालाच.

५ फेब्रुवारी

डबा दुरुस्तीला टाकला. एक व्हॉल्व्ह, आतला काचेचा दिवा, फुटलाय, दुसरा शेवटच्या घटका मोजतोय. नवे मागवावे लागतील. दुरुस्तीवाला म्हणाला, 'या जातीचे आता येतात कुठे? तुम्ही एक हौशी, बाकी सगळे हलके घेऊन मोकळे झाले.' हौशी म्हणे. मी पोटासाठी वाजवतो.

संध्याकाळी दादाचा फोन. वाटलं, आता तरी नीट बोलेल. तर म्हणतो, 'आता हलकाच घे. एकट्याला उचलता येईल असा.'

मी फोन ठेवला.

८ फेब्रुवारी

डबा परत आला, कुठूनतरी जुने व्हॉल्व्ह मिळवून बसवलेत. कोपऱ्याला पत्र्याची पट्टी मारलीय. भिकाऱ्याच्या वाडग्यासारखा दिसतो. पण वाजतो!

प्रॅक्टिसला नेला. टेम्पोतून उतरवायची वेळ आली तर दादा ड्रमवाल्याला म्हणाला, 'ठोक्या, तू घे तो कान.' कान! डब्याच्या दोन बाजूंना दोन मुठी आहेत, कढईला असतात तशा, म्हणून आम्ही पहिल्यापासून त्यांना कान म्हणतो. डावा माझा, उजवा दादाचा. उजव्या कानाला आजवर दादाशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. आज ठोक्याला सांगितलं आणि स्वतः खिशात हात घालून उभा राहिला. ठोक्याची उंची माझ्याहून वीतभर जास्त. सगळा भार माझ्याकडे कलला आणि पाठीत उसण भरली.

हा डबा दादानंच घेतला होता. एका हॉटेलातला बँड मोडला तेव्हा, जुना, त्यांच्याकडून. रिक्षावाला घेईना म्हणून दोघांनी चालत घरी आणला. दर कोपऱ्यावर खाली ठेवायचा आणि बाजू बदलायच्या. घरी आल्यावर मी लगेच तारा छेडायला लागलो तर म्हणाला, 'थांब. तापू दे.' व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प बटण दाबल्या दाबल्या वाजत नाही. आतले दिवे आधी लालसर व्हावे लागतात. तेवढ्यात दादा काहीतरी बोलायचा. आज काय वाजवायचं, आई कशी आहे, माझं काय बिनसलंय. मी चिडलो की लोकांना सांगायचा, 'तापू दे त्याला, मग बरा वाजेल.' हसायचे सगळे. मीही हसायचो, काय करणार.

आज बटण दाबलं आणि दादाकडे बघितलं. तो माइकच्या वायरशी खेळत होता. दिवे लाल झाले तरी बोलला नाही.

९ फेब्रुवारी

आता गिटारही वाजवत नाही तो. दिवाणखान्यात बसल्यासारखा नुसता माइक धरून गातो. 'तुझी एक गिटार पुरे.' म्हणे! लीडर झालाय ना.

१४ फेब्रुवारी

गेलो एकदाचा दुकानात. दादाच घेऊन गेला.

हलका अ‍ॅम्प म्हणजे शाळेच्या दप्तराएवढा. आत व्हॉल्व्ह नाही, काच नाही, फुटायला काहीच नाही. दुकानदार जिभेवर साखर ठेवूनच बोलतो. 'साहेब, डोळे मिटून ऐका. फरक कळला तर मी दुकान बंद करतो.' मी डोळे मिटले नाहीत. वाजवलं.

जे खरं ते लिहितो, इथे कुणाला फसवायचंय? आवाज वाईट नाही. स्वच्छ आहे. जेवढं वाजवाल तेवढंच वाजतं. हलक्या हातानं वाजवलं तर फरक मलाही फारसा कळला नाही. पण जोर दिला की समजतं. डब्याला जोर दिला की तो जरा दबतो, कण्हतो, मग आवाज वर येतो. आत कुणीतरी आहे आणि त्याला तुमचं म्हणणं लागलंय, असं वाटतं. हा हलका कण्हत नाही. नुसता मोठ्यानं बोलतो, सरकारी कचेरीतल्या माणसासारखा.

मी दादाला म्हटलं, 'ऐकलंस? दबत नाही हा.'

'लोकांना काय कळतंय,' दादा म्हणाला.

लोकांना! ज्यानं मला ते दबणं ऐकायला शिकवलं तो हे म्हणतो. कान गेले याचे. की आहेत आणि मुद्दाम बुजवून घेतलेत?

दुकानदारानं त्याच्यापुढेही गिटार धरली. 'तुम्ही पण बघा वाजवून.' एरवी दादा कुठल्याच दुकानातून चार तारा छेडल्याशिवाय बाहेर पडला नाही. आज 'नको नको' करत मागे सरला. मी चिडलोय म्हणून घाबरला असेल. घाबरायलाच हवं.

काही घेतलं नाही. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, तेवढाच काय तो आनंद.

१५ फेब्रुवारी

ही पण दादाच्या बाजूनं. 'अहो, रात्रभर कुशी बदलत होतात. त्या लाकडी खोक्यापायी पाठ मोडून घेणार का? दादा तुमच्या भल्याचंच सांगतायत.' माझं भलं सगळ्यांना कळतं. मला सोडून.

मी म्हटलं, पाठ माझी आहे. ही म्हणाली, 'चोळायला मात्र मी.' मलम तिच्या हातात होतं.

२१ फेब्रुवारी

आज भांडलो. व्हायचंच होतं.

प्रॅक्टिस चालू होती. डबा मध्येच खरखरायला लागला. पडल्यापासून त्याच्या आत काहीतरी ढिलं झालंय, दुरुस्तीवाल्यालाही सापडेना. दादा गाणं थांबवून म्हणाला, 'बघ, अजून किती दिवस ओढणार याला?' माझं टाळकंच सरकलं.

'तू जिन्यात सोडला नसतास तर ओढावा लागला नसता,' मी म्हटलं.

'सोडला नाही रे. सुटला.'

'सुटला नाही, सोडलास. बदलायचा होता तुला, मी ऐकत नव्हतो, म्हणून सोडलास.'

'अरे, सुटला म्हणतोय ना!'

'मग कसा सुटला ते सांग. हात घामट होते? पाय घसरला? काय झालं? सांग ना!'

ठोक्या काठ्या मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत होता. दादा माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी सांगणार असं वाटलं. तोंड उघडलंही. मग डावा हात पँटच्या खिशात घातला आणि हळूच म्हणाला, 'बरं. सोडला. झालं समाधान?'

कबूल केलं! ठोक्या साक्षीला आहे. मी गिटार भरली आणि निघून आलो.

२२ फेब्रुवारी

कबूल केलं त्यानं. आता मला बरं वाटायला हवं. सकाळपासून अन्नावर वासना नाही. ही विचारते, काय झालं? काय सांगू? जिंकलो म्हणून सांगू?

२८ फेब्रुवारी

घेतला. हलका घेतला. म्हणत होता ना, घे घे? घे, घेतला. उद्या त्याला बोलायला जागाच नको. दुकानदारानं गल्ल्यावरून उठून हात मिळवला.

आज प्रोग्रॅमला नेला. एका हातात अ‍ॅम्प, दुसऱ्यात गिटार, भाजी घेऊन आल्यासारखा जिना चढलो. कुणाला हाक मारावी लागली नाही. पाठीचं नावसुद्धा नाही. हे लिहायला नको वाटतंय, पण आहे ते आहे.

बटण दाबलं की चालू. थांबणं नाही, तापणं नाही. मी सवयीनं मान वर करून दादाकडे बघितलं आणि मग लक्षात आलं की वाट बघायचं काही कारणच उरलेलं नाही.

कुणाला काही कळलं नाही. डबा नाही हे एकाही माणसाला कळलं नाही! उलट जेवताना एक सूटवाला येऊन म्हणाला, 'आज गिटार मस्त ऐकू येत होती.' त्याच्या ताटात गिटार घालावीशी वाटली.

आवराआवर झाल्यावर दादा जवळ आला. त्या भांडणानंतर पहिल्यांदा.

'एकट्यानं आणलास?'

'हो.'

'त्रास नाही ना झाला?'

'नाही.'

'मग ठीक आहे,' म्हणाला आणि हसला. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा हसला. ओझं माझं उतरलं, आणि हसायला हा. मनासारखं झालं ना त्याच्या.

३ मार्च

वहिनीचा फोन. इकडचं तिकडचं बोलली, हिची चौकशी केली. मग म्हणाली, 'भाऊजी, डबा विकायचा विचार नाही ना? हे म्हणत होते, विकू देऊ नको म्हणून सांग.'

काय म्हणावं याला! आधी धोंडा म्हणायचं, जिन्यातून सोडायचा, माझ्या गळ्यात दप्तर बांधायचं. आणि आता विकू पण नको? आणि हे स्वतः सांगायला तोंड नाही, बायकोला पुढे करतो.

मी म्हटलं, 'वहिनी, एवढी माया असेल तर त्यांनी आपल्या घरी ठेवावा.'

फोनमध्ये दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, 'आणा ना. खरंच आणा. पण येण्याआधी एक फोन करा.'

फोन करा! भावाच्या घरी जायला आता वेळ मागून घ्यायची.

७ मार्च

उद्या सकाळी जातो. फोनबिन काही करणार नाही. ठोक्याला तयार केलाय, टेम्पोही त्याचाच. डबा दादाच्या दारात ठेवायचा आणि म्हणायचं, ज्यानं सोडला त्यानं सांभाळावा. पाणीसुद्धा प्यायचं नाही. वाक्य दोनदा म्हणून बघितलं. ही आतून म्हणाली, 'कुणाशी बोलताय?'

जाण्याआधी शेवटचा लावून बघितला. तापू दिला. खरखर होतीच, पण मध्ये एकदा जोर दिला तेव्हा पूर्वीसारखा कण्हला. मी बंद करून टाकला.

८ मार्च

दार लोटलेलंच होतं. एक कान माझा, एक ठोक्याचा, खांद्यानं दार ढकलून आत गेलो. दादा खुर्चीत बसला होता आणि वहिनी त्याच्या पुढ्यात वाकून त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. डावा हात मांडीवर तसाच पडलेला. बोटं आत वळलेली. आम्हाला बघून त्यानं तो उजव्या हातानं उचलला आणि खिशात घालायला लागला. तिथे शर्टाची नुसती बाजू होती, खिसा नव्हता.

वहिनीच बोलली. 'हाताचं हे जिन्याच्या आधीपासून आहे, भाऊजी. औषधं चालू आहेत, पण उतार नाही. कुणाला सांगायचं नाही म्हणाले. म्हणाले, कळलं तर तुम्हीही वाजवायचं सोडाल.'

पाठ केलेलं वाक्य तोंडात तसंच राहिलं. ठोक्यानं त्याच्याकडचा कान खाली ठेवला. मला माझा ठेवता येईना.

'लाव की,' दादा म्हणाला. 'तापू दे.'

सुटला होता. सुटलाच होता.