जिन्याचं दार

३ फेब्रुवारी
बसलं एकदाचं दार — वसतिगृहात मुलींच्या मजल्यावर, पुढच्या जिन्याच्या तोंडाशी. लय जड. सोडलं की आपोआप मिटतं. संस्थेनं परभणीहून पाठवलेले इंजिनिअर राजशेखर म्हणाले, आग विझवणं ह्याचं काम नाही. आग आणि धूर तासभर अडवायचा, तेवढ्यात मुली बाहेर. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीतून वर गेलेल्या वायरींची भोकंही त्यांनी बुजवली.

५ फेब्रुवारी
वारा बंद झाला म्हणून मुलींची कुरकुर. मीच दाराला वीट लावली.

७ फेब्रुवारी
राजशेखर आले. वीट उचलून बाहेर ठेवली. उघडंच ठेवायचं असेल तर काढून नेतो, म्हणाले. मी भांडले, तेही भांडले. नवरा गेल्यापासून सगळे माझ्याशी जपून बोलतात. हे बरोबरीनं भांडले. बरं वाटलं — इथंच लिहिते, दुसरीकडं कुठं सांगू!

१६ फेब्रुवारी
त्यांनी व्हरांड्याच्या बाहेरच्या भिंतीत खिडकी पाडून दिली. वाराही आला, दारही मिटलेलं. चहाला थांबले. आईचं, पोखर्णीच्या शेताचं बोलत बसले. मीही लवकर उठले नाही.

११ मार्च
सकाळी मीटरच्या खोलीत आग लागली. मी अंगणात, मुली वर अभ्यासाला. पुढच्या जिन्यात काळा धूर कोंडला, मला वर जाता येईना. खालून ओरडत राहिले — मागच्या जिन्यानं उतरा! एकेक उतरली. साक्षी सगळ्यांत शेवटी.

"मॅडम, वर धूर आलाच न्हाई. दारानं अडविला."

मी पोरी पुन्हा मोजल्या. बंब आला, आग विझली.

राजशेखर दुपारी धावत आले. दाराकडं बघितलंही नाही.

"तुमी कुठं होता?"

अंगणात, मी म्हणाले. मग कुठं ते दार बघायला गेले.

१४ मार्च
जिन्याच्या बाजूनं दार काजळीनं काळंकुट्ट. मुलींच्या बाजूचा रंगसुद्धा उडालेला नाही. मी हात फिरवत होते, तेव्हा राजशेखरांनी लग्नाचं विचारलं. विचार करून सांगते, मी म्हणाले. ते परभणीला, आणि ह्या पोरी इथं गंगाखेडात. ह्यांना टाकून कशी जाऊ?

२ एप्रिल
पोखर्णीला त्यांच्या आईकडं गेले, मल्लम्मांकडं. आधीच सांगून टाकलं, पोरींना सोडणार नाही.

"सोड म्हणलं कुणी?" त्या म्हणाल्या. "ह्योच येईल की गंगाखेडला."

हो म्हणून आले.