फोममधली अक्षता

३ मार्च
इंजिनिअरिंग मी सोडलं. घरचे म्हणतात, नापास झालो. फरक त्यांना कळत नाही. सध्या उद्यमनगरात बाळासोदादांच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी राउटर शिकतोय. कॉम्प्युटरवर चित्र द्यायचं, मशीनचं फिरतं बिट ते फोममध्ये कोरतं. फोम म्हणजे थर्माकोलचा पैलवान भाऊ. इमारतींच्या कमानी होतात त्याच्या.
आर्किटेक्टच्या ऑफिसातून अक्षता आलेली, मंगल कार्यालयाच्या कमानी बघायला. मला म्हणाली, "जरा बाजूला व्हा." सरक नाही. व्हा! सुरुवात झाली.

५ मार्च
१२ तारखेला तिचा वाढदिवस. (इन्स्टावर पार तिच्या दहावीपर्यंत खाली गेलो.) ठरलं. तिचा चेहरा फोममध्ये कोरून द्यायचा आणि तिथंच विचारायचं. आजपासून राग बंद.

५ मार्च, संध्याकाळ
पार्किंगवरून एकाची कॉलर धरली. राग उद्यापासून बंद.

८ मार्च
तिचा हसरा फोटो घेतला. कुणाचा ते दादांना दाखवलं नाही, नुसती पद्धत सांगितली. म्हणाले, "अरं शहाण्या, फोटोतलं पांढरं ते मशीन वर ठेवतंय, काळं ते खोल खणतंय. दात भाईर येतील की!" म्हटलं, मी तीन सेमिस्टर इंजिनिअरिंग केलंय. म्हणाले, "म्हणून तर सांगालोय."
जळतात.

१० मार्च
चेहरा कोरला. तिच्या गालावरून बिट घाईनं कसं फिरवू? स्पीड एकदम कमी ठेवला. बिट एकाच जागी घासत राहून तापलं, फोम वितळला. गालावर थोड्या सुरकुत्या. डोळे जरा आत. दात पुढं, पण हसताना कुणाचे नसतात? लांबून, डोळे बारीक करून पाहिलं तर शंभर टक्के अक्षता.

११ मार्च
वर्कशॉप झाडणाऱ्या धोंडुबाई पुतळ्यापुढं उभ्या. गाल बसलेले, दात ओठांबाहेर. असल्या तोंडानं असल्या वस्तूकडं बघू नये माणसानं. ओरडलो, "म्हातारे, लांब हो!" गेल्या बिचाऱ्या. राग नव्हे, शिस्त.

१२ मार्च
अक्षता आली. मी कापड ओढलं. ती थबकली. डोळ्यांत पाणी! जिंकलो.
मग ओरडली, "अय्या, धोंडुमावशी! मावशी, पळत या, यशराजदादांनी तुमचा पुतळा केलाय!"
दादा.
धोंडुबाईंनी फोमच्या गालावरून हात फिरवला. "काल वरडला, तवा वाटलं पोरगं लई माजलंय. मला आधी दावायचं न्हवतं व्हय रं!"
अक्षताच्या मोबाइलवर शूटिंग चालू. बाळासोदादा तोंडात रुमाल कोंबून हलत होते. रुमाल काढून म्हणाले, "सांग की यशराज, कुणाचा हाय त्यो?"
सगळे माझ्याकडं बघत होते. म्हटलं, मावशींचाच.
धोंडुबाई म्हणाल्या, "आमचं मालक जाऊन धा वर्सं झाली. उद्या फोटो आणते, त्यांचाबी कर." दादांनी माझ्या वतीनं लगेच हो म्हटलं. अक्षता म्हणाली, "मस्त! शूट करायला आमच्या आर्यनला घेऊन येते."
आमच्या. भाऊ असणार. घरच्यांशी ओळख करून देतेय म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. उद्या इस्त्रीचा शर्ट.

१३ मार्च
आर्यन आला. तिच्या बोटातल्यासारखीच अंगठी त्याच्या बोटात.
भाऊ तो नाही. भाऊ मी.