विहीणबाईंच्या नरगिसाचे मोड

नेरूळ,
संक्रांतीनंतरचा तिसरा दिवस

व्याही सितारामराव यांना,

ज्ञानदेवाचा हात जोडून नमस्कार. (तीर्थरूप लिहावं तर तुम्ही माझ्याहून चौदा महिन्यांनी धाकटे, आणि चिरंजीव लिहावं तर मुलीचे वडील, म्हणून नमस्कारावरच भागवतो.) आम्ही इकडे सगळे बरे आहोत. पाचगणीच्या थंडीत तुमचा गुडघा धरतो असं सुनयना म्हणत होती. निरगुडीच्या पाल्यानं शेकून बघा. विहीणबाईंची तब्येत ठणठणीत असणारच. त्यांच्या तब्येतीची चौकशी करायची आजवर कुणावर वेळ आली नाही. तिळगूळ पोचला. वड्या जरा कडक होत्या, पण माझी कवळी नवीन आहे, तेव्हा दोष वड्यांना देत नाही. फोन सोडून हा कागद-पेनाचा खटाटोप कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण तुमचा फोन पहिल्या रिंगला विहीणबाई उचलतात, आणि ‘दोन्ही घरं’ नावाच्या आपल्या ग्रुपवर लिहावं तर तेही त्याच आधी वाचतात. पोस्टमन मात्र तुमच्या दुकानावर येतो, हे मी तुमच्या जावयाकडून, राजवर्धनकडून, हळूच काढून घेतलंय.

विषय नरगिसाचा आहे. दसऱ्याला विहीणबाईंनी आपल्या वाफ्यातले बारा कंद सुनयनाला दिले, तेव्हा तुम्ही तिथंच होता. तुमच्या त्या खाडीच्या हवेत लोखंड गंजून पडतं तिथं हे काय जगणार, पण ने, म्हणाल्या, आणि वसंतपंचमीला मी स्वतः येऊन फुलं बघणार. पोरीनं ते फार मनावर घेतलं. आईनं सांगितल्याबरहुकूम कंद कागदी पिशवीत घालून सहा आठवडे फ्रिजमध्ये भाजीच्या खणात ठेवले. (आमच्याकडे थंडी फ्रिजमध्येच असते, बाहेर डिसेंबरात लोक स्वेटर घालतात ते हौसेनं.) त्या सहा आठवड्यांत मिरच्या, कोथिंबीर, लिंबं अशी सगळी बिऱ्हाडं ओट्यावर आली, आणि आमच्या हिनं, रंगूनं, दिवाळे गावच्या कोळणीकडून आणलेले बोंबील त्या खणाच्या आसपासही न्यायचे नाहीत, असं नवंच सोवळं घरात सुरू झालं. रंगू म्हणाली, माझ्या सासूचंसुद्धा मी एवढं केलं नव्हतं.

डिसेंबरात सुनयनानं पसरट थाळ्यात गोटे मांडले, वर ते बारा कंद बसवले, खाली बोटभर पाणी घातलं, थाळा गॅलरीत ठेवला आणि मला म्हणाली, “मामा, मी दिवसभर बेलापूरला ऑफिसात असते, जरा लक्ष ठेवाल ना?” आता सून एवढ्या विश्वासानं सांगते तेव्हा सासऱ्यानं खुर्चीत बसून नुसतं लक्ष ठेवावं. मी हात लावला.

माझं आयुष्य कशात गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. बावीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण्या वाहिल्या, आणि पाठ गेली तेव्हा शेठनं गाळ्यावर कांदा निवडायला बसवलं, तिथं अकरा वर्षं काढली. आमच्या धंद्यात मोडासारखी बदनामी नाही. कांद्याला मोड आला की भाव गेला, आणि ढिगात एक मोड दिसला की गिऱ्हाईक अख्ख्या गाळ्याकडे पाठ फिरवतं. म्हणून दिसला मोड की दोन बोटांत कांदा धरायचा, अंगठ्यानं मोड कट्‌कन उडवायचा आणि कांदा पुन्हा ढिगात. माझा अंगठा आता मला विचारून काम करत नाही. आणि पाणी तर कांद्याचा हाडवैरी. एक ओला कांदा सगळी गोण सडवतो. तेव्हा रोज अकराच्या चहानंतर मी थाळ्यातलं पाणी मोरीत ओतायचो, एकेक कंद टॉवेलनं कोरडा पुसायचो, आणि ज्याच्या शेंड्याला हिरवं टोक दिसेल ते खुडून तुळशीच्या कुंडीत टाकायचो. (खत होतं म्हणून. वाया काही घालवायचं नाही, हा आमचा साताऱ्याकडचा संस्कार.) असं नऊ दिवस चाललं. संध्याकाळी पोर दमून यायची, पाणी आटलेलं बघून चकित व्हायची, पुन्हा भरायची, आणि मोबाईलच्या उजेडात प्रत्येक कंद निरखायची. मी मागं उभा राहून सांगायचो, माल एकदम खणखणीत आहे बाळ, एकालाही मोड नाही. आणि हे मी छाती फुगवून सांगायचो, सितारामराव.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या पोराला एवढं कळू नये? मी शेतकऱ्याचा मुलगा आहे हे खरं, आणि सोसायटीत मी ते दर मीटिंगला सांगतो. पण सोळाव्या वर्षी गाव सोडलं, त्यानंतर जमिनीतला कांदा पाहिलेला नाही. मला कांदा गोणीपासून पुढं कळतो. एवढ्याच भांडवलावर सोसायटीनं मला उद्यान समितीचा मानद सल्लागार नेमलंय. समितीत आम्ही सात जण आहोत. बागेत झाडं पाच आहेत, त्यातलं एक प्लॅस्टिकचं, आणि सगळ्यात जास्त पाणी त्यालाच पडतं, कारण ते गेटाजवळ आहे.

दहाव्या दिवशी सुनयनानं आईला फोन केला. विहीणबाई स्पीकरवर होत्या. तुझ्या हाताला गुणच नाही, म्हणाल्या, लहानपणी तुझी कोथिंबीरसुद्धा उगवली नव्हती. पोरगी फोन ठेवून उठली. आत जाऊन भांडी घासायला लागली, आणि ती सगळी घासलेलीच होती. मी राजवर्धनच्या मोबाईलवर त्या फुलाचा व्हिडिओ लावला, आणि तिसऱ्या मिनिटाला मला समजलं की त्या हिरव्या टोकाच्या पोटातच फूल असतं. नऊ दिवसांत मी बारांचीही मुंडकी उडवली होती.

तेव्हाच सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण सासरेपणाचा रुबाब आडवा आला. आता रुबाब म्हणजे काय, तर मला पहिलं ताट मिळतं आणि टीव्हीचा रिमोट माझ्याकडे असतो. एवढ्यासाठी मी गप्प बसलो, हे लिहिताना लाज वाटते. ती तीन दिवस ट्रेनिंगला पुण्याला गेली. तोवर कंद मऊ पडले होते, ते ओल्या कचऱ्यात गेले. मी मार्केटात जाऊन जुन्या ओळखीवर लसणाच्या बारा टपोऱ्या गड्ड्या आणल्या. (कांदा नाही आणला. कांद्याची पात पोकळ नळी असते, लसणाची चपटी, नरगिसासारखी. इतकी अक्कल मला होती, हेच जास्त वाईट.) थाळ्यात मांडून मानेपर्यंत गोटे चढवले आणि पहिल्यांदाच पाणी ओतून दिलं नाही. आठवड्यात लसूण तरारून वर आला. सुनयनानं फोटो ग्रुपवर टाकला. विहीणबाईंनी नुसता अंगठा पाठवला, म्हणजे त्यांच्याकडून ती शाबासकीच.

मग नाताळानंतरच्या रविवारी सोसायटीची गॅलरी स्पर्धा झाली. अख्खी समिती आमच्या गॅलरीत दाटीवाटीनं उभी. अध्यक्ष मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत. त्यांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, काय मंद सुगंध आहे! फूल एकही नव्हतं. सेक्रेटरींना वास थोडा तिखट वाटला, तर खजिनदारबाईंनी समजावलं की विलायती सुगंध तसाच असतो, आपल्या नाकांना सवय नाही. मग सगळ्यांनी पुन्हा एकेकदा हुंगलं, आणि सुगंधी विभागात आम्हाला पहिला नंबर मिळाला. मागं राहिला तो करावे गावातला देवजी. आमच्या चार इमारती ज्या भातखाचरांवर उभ्या आहेत ती त्याच्या बापाची, म्हणून त्याला समितीत मानानं घेतलाय. त्यानं एक पान तोडलं, चुरगाळलं आणि माझ्या कानाशी म्हणाला, “ज्ञानूदादा, यो तं लसून हाय.” मी हात जोडले. तो म्हणाला, “कोनाला सांगनार नाय. पन सुकटीत टाकाला चार पाती दे.” तेव्हापासून दर रविवारी त्याला चार पाती जातात. समितीत शेती केलेला माणूस एकच, आणि तो हप्ता घेतो.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याची काळजी घ्या, विहीणबाईंना आमचा दोघांचा नमस्कार.

तुमचा,
ज्ञानदेव

ता. क. : विहीणबाई वसंतपंचमीला येतायत. समितीला फसवणं सोपं आहे, त्यांना नाही. तुमच्या घरामागच्या वाफ्यात त्यांचे नरगिस आता कळीवर आलेले असणार. त्या देवळात गेल्या की त्यातले बारा मातीसकट काढा, ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि मुंबई एसटीच्या कंडक्टरकडे द्या. त्या रोज मोजतात हे मला माहीत आहे. साळिंदर उकरून गेलं म्हणून सांगा. लग्नात आम्ही मुलाकडचे असूनही फक्त मुलगी आणि नारळ घेतला, हे मी चारचौघांत सांगत असतो. हे बारा तेव्हाचे राहिले होते असं समजा. पत्र वाचून फाडावं.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून आज दुपारी पुन्हा लिहितोय. जेवायला बसलो तर सुनयनानं ताटात भाकरी वाढली आणि शेजारी लसणाच्या पातीची हिरवीगार चटणी. मी घास घेतला. ती म्हणाली, “मामा, मला पाचव्या दिवशीच लसणाचा वास आला होता. तुळशीच्या कुंडीत मोडपण सापडले.” (म्हणजे समिती डोळे मिटून हुंगत होती तेव्हा ती माझ्याशेजारी उभी राहून सगळं ऐकत होती.) पुढं म्हणाली, “आईला सकाळी फोन करून सांगितलं, माझ्याच हातून कुजले म्हणून. तुम्ही टेन्शन घेऊ नका, तुम्हाला कोणी काही बोलणार नाही.” चटणी झकास झाली होती. तिच्या आईनं फोनवर तिला काय काय सुनावलं ते तिनं सांगितलं नाही, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

तेव्हा बारा कंद पाठवू नका, आणि त्या साळिंदरावर आळ घेऊ नका. हे पत्रही फाडू नका. विहीणबाईंना पुढ्यात बसवा आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवा. नऊ दिवसांचा भाग दोनदा वाचा. त्या काय म्हणाल्या ते मला लिहून कळवू नका. वसंतपंचमीला मी सुनयनाच्या देखत, त्यांच्यासमोर बसून ऐकेन.