लेकीचा आवाज पकडायचं यंत्र

चिरंजीव लेक पानिकपाक हीस,

बापाचे पोटभर आशीर्वाद. गुडघे काय म्हणतात? जाऊबाईंचा खोकला गेला का? कुत्र्यांना मासे पुरताहेत ना? इकडे वस्तीत सगळे धडधाकट आहेत, फक्त माझी अब्रू जरा आजारी आहे, ते पुढे येईलच. (तू पासष्टीची, मी तिशीतला, तरी आशीर्वाद मीच द्यायचे. तुझे वडील गेले, त्यांचं नाव मला मिळालं, आणि आपल्यात नावाबरोबर नातंही येतं, म्हणून आईच्या अंगरख्याच्या पाठीवरच्या टोपीत बसल्याबसल्या मी तुझा बाप झालो. याला मी काय करणार? तू अजून सीलच्या काळजाचा पहिला तुकडा मला काढून ठेवतेस आणि तुझा कुब्लू, माझ्याहून दहा वर्षांनी थोरला, मला चारचौघांत 'आजोबा' म्हणतो. त्यात मान किती आणि टोमणा किती, ते तू त्याची आई म्हणून जाणतेसच.)

तर विषय असा. वस्तीचं मंडळ तुझ्यावर रागावलं आहे. नुवुकच्या तळावरची बाकीची बिऱ्हाडं तीन वर्षांपूर्वी वसंतात इकडे आली. उरल्या तुम्ही दोघी म्हाताऱ्या, मध्ये गोठलेली खाडी, आणि अंधाराचे दिवस सुरू झाले की तुझा रेडिओ मुका. आमचं यंत्र दांडगं, त्यामुळे आमचं बोलणं तुला खणखणीत पोचतं. तुझी पेटी लहान, बॅटरी थंडीनं अर्धमेली, त्यात वर आकाशात ध्रुवप्रकाश नाचू लागला, म्हणजे पूर्वजांचा वॉलरसच्या कवटीनं चेंडूचा खेळ रंगला, की तुझा आवाज वाटेतच हरवतो. मंडळ म्हणालं, आवाज येत नसेल तर बाई इकडे आणा. मी म्हणालो, बाई राहू द्या तिथेच, मी आवाज आणतो. बापाला असं छातीठोक बोलावंच लागतं.

ते बोलणं निस्तरायला मी दोन हिवाळे ओटावात काढले. (तिथल्या थंडीला ते थंडी म्हणतात, आपण हसू नये.) पत्र्यानं मढवलेल्या खोलीत बसून दुबळ्यातली दुबळी लहर पकडेल असं यंत्र मी जुळवलं. त्यात एक गाळणी केली. चहाचा चोथा वर राहावा आणि चहा खाली उतरावा, तशी जगाची खरखर वर राहील आणि तुझी तेवढी लहर खाली उतरेल. पुढच्या तबकडीवर एक काटा बसवला, लहर आली की तो वर उठतो. आमचे साहेब खूश होऊन म्हणाले, "उयाराक, हे यंत्र डासाची जांभईसुद्धा ऐकेल." ते यंत्र मांडीवर घेऊन मी विमानानं घरी आलो. मांडीवर इतक्या जपून मी आजवर कुणाचं लेकरूही घेतलेलं नाही.

पहिल्या दिवशी यंत्रानं सगळं ऐकलं. सहकारी दुकानाचा फ्रीझर ऐकला (बाहेर बर्फ पडलेलं असताना आत बर्फ तयार करणारं ते यंत्र कुणाला सुचलं, देव जाणे), सभागृहातल्या नळीच्या दिव्यांची कुरकुर ऐकली, मंडळाचे प्रमुख आग्लाक यांचं विजेचं कांबळंसुद्धा ऐकलं. ऐकू आली नाहीस ती फक्त तू. मी दारोदार फिरून एकेक बटण बंद करवत होतो. आग्लाक दारात आडवे उभे राहिले. "माझ्या कांबळ्याचा आणि पानिकपाकच्या आवाजाचा काय संबंध रे?" म्हणाले. मी समजावलं. त्यांनी कांबळं बंद केलं आणि नंतर दोन दिवस अंग धरल्याची तक्रार सांगत वस्तीभर फिरले. शेवटी वस्तीचा जनरेटरच तासाभरासाठी बंद ठेवायचं ठरलं. दुपारीच मिट्ट काळोख झाला, बायकांनी सीलच्या तेलाचे दगडी दिवे लावले, कुणी चहा आणला, कुणी तव्यावरची रोटी. सगळी वस्ती सभागृहात गोळा झाली, जणू लग्नच आहे. नवरदेव मी, यंत्राला आणि रेडिओला बॅटरी जोडून घाम पुसत बसलेला.

मी माइकमध्ये विचारलं, "पानिक, ऐकू येतंय का?" काटा उठला! सगळे यंत्राकडे झुकले. आवाज शून्य. काटा खाली. पुन्हा विचारलं, "लेकी, बरी आहेस ना?" काटा वर, आवाज शून्य, काटा खाली. कुब्लू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आजोबा, तुमच्या डब्याला सर्दी झालीय का?" मी झाकण उघडलं, तारा चाचपल्या, फुंकर मारली (ओटावाच्या साहेबांना हे कळवू नये). सगळं जागच्या जागी. मग मी वैतागून कुब्लूलाच विचारलं, "तुझ्या आईला बटण नीट दाबता येतं ना रे?" कुब्लूनं उत्तर दिलं. म्हणजे, आपण सगळे देतो तसंच दिलं. भुवया उंचावल्या.

मी त्याच्या भुवयांकडे बघतच राहिलो.

पोरी, काय हे! तू बटण दाबतेस आणि भुवया उंचावून 'हो' म्हणतेस? रेडिओवर? आणि मी इकडे दोन हिवाळे डोळे फोडून यंत्र करतोय, ते तुझ्या भुवया ऐकायला? मी हे मोठ्यानं बोललो आणि सभागृह असं हसलं की एक दिवा विझला. हसू ओसरल्यावर आग्लाकच हळूच म्हणाले, "मी पण तसंच करतो की." मग एकेक जण कबुली देऊ लागला. आपल्या अख्ख्या किनाऱ्यावर लोक आयुष्यभर रेडिओसमोर 'हो'साठी भुवया उंचावत आणि 'नाही'साठी नाकं मुरडत आले आहेत आणि दोष बिचाऱ्या आकाशाला देत आले आहेत.

इथवर सगळं गोड होतं. पण कुब्लूनं माझ्या हातातला माइक हिसकला आणि विचारलं, "आई, इकडे राहायला येतेस का?"

काटा उठला, चांगला बराच वेळ वर राहिला, आणि पडला. आता सांग, काट्याला भुवया आणि नाक यांतला फरक कसा कळावा? कुब्लू ओरडला, "भुवया! हो म्हणाली!" दुकानवाली म्हणाली, नाक मुरडायला जास्त वेळ लागतो, एवढा वेळ काटा वर म्हणजे नाकच. आग्लाक म्हणाले, म्हाताऱ्या माणसाच्या भुवया जड असतात. हमरीतुमरीवर आले लोक. शेवटी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "नाक होतं. बापाला लेकीचं नाक ओळखू येतं." नावाचा मान म्हणून कुणी वाद वाढवला नाही. पुन्हा विचारावं तर तास संपला, जनरेटर सुरू झाला, आणि तेव्हापासून वरचा चेंडूचा खेळ थांबलेला नाही. (त्यात तुझा खरा बाप असेल तर त्याला सांग, आता पुरे.)

मंडळानं तोडगा काढला आहे. कुब्लू उद्या स्लेज घेऊन निघतोय. एका बाजूला तुझ्यासाठी नवी बॅटरी, चहा, पीठ. दुसऱ्या बाजूला सामान भरायला रिकाम्या पेट्या. त्यातलं काय उतरवायचं ते तू ठरव. जाऊबाईंना नमस्कार, कुत्र्यांना माझ्या वाटचा एकेक मासा.

तुझा बाप,
उयाराक

ता. क. हे पत्र कुब्लूसमोर वाचू नकोस. तुझा चेहरा त्याला दिसेल, आणि त्याला भुवयाच बघायच्या आहेत. काय ठरतंय ते मला तोंडानं सांग. रविवारी प्रार्थनेनंतर तासभर जनरेटर बंद असेल. मी यंत्रापाशी बसलेला असेन.

पुन्हा ता. क. मला नाक ओळखू आलं नव्हतं. खोटं बोललो. तुला नुवुकला राहता यावं म्हणून मी हे यंत्र केलं, आणि काटा वर होता तेवढा वेळ मनात एकच धरून बसलो होतो की या भुवया असाव्यात. माझ्या घरात चुलीजवळची जागा मी ओटावाहून आल्या दिवशीच रिकामी केली आहे.

अगदी शेवटचं. बाप म्हणून सांगतो, तुला हवं तिथे राहा. पण भाचा म्हणून एकदाच विचारतो: आत्या, येतेस का गं? आणि हे वाचून नुसत्या भुवया उंचावू नकोस.