भागम्माचा आवाज जिनिंगपर्यंत

मानवत, जिल्हा परभणी
माघ, सन १९४७

तीर्थरूप शिवलिंगअप्पा यांना तुमच्या दाजीचा, गुरुपादचा, शरणार्थ.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडं सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. मी खुशाल नाही. लिहायला बसतो, उठतो, अंगणात चक्कर मारून पुन्हा बसतो. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

तुमची बहीण भागम्मा तिकडं का आली हे तिनं सांगितलंच असेल. (तिनं सांगितलं ते खरंच असणार, तरी माझंही ऐका.) कापडदुकानामागच्या खोलीत आम्ही तिघं बिनतारी यंत्र करायलोत. मी, कापसाच्या जिनिंगमधले फिटर दत्तराव आणि पिंगळी स्टेशनचे तारबाबू बन्सीधर. नुसता रेडिओ नव्हे. इकडून बोलायचं आणि तिकडचं उत्तर ऐकायचं. डाग द्यायची सळई तापवायला भागम्माची शेगडी, तारेला ताण द्यायला तिचा खलबत्ता, आणि ती खोलीत आली की आमचं एकच सांगणं, हात लावू नको.

एक यंत्र इथं, दुसरं जिनिंगमध्ये. रविवारी दुपारी दत्तराव तिकडं कान लावून बसले आणि मी इकडं लय वेळ भाषण केलं. (पाठ केलेलं होतं.) त्यांनी हमालाकडून कळवलं, काही ऐकू येत नाही. म्हणून मी आणि बन्सीधर तारेचा बांबू उंच करायला माळवदावर चढलो. खटका बंद करायचा राहिला. बांबू उंच झाला आणि नेमकी तेव्हाच भागम्मा शेगडी न्यायला खोलीत आली. खिडकीबाहेर शेजारच्या चतुराबाई होत्या. दोघींचं बोलणं सुरू झालं.

ते जिनिंगमध्ये गेलं, आणि पलीकडच्या घरातही गेलं. तिथं पोलिसांचे अमीनसाब पाहुण्यांना रेडिओवरचं गाणं ऐकवत होते. गाणं दबलं आणि त्यातून भागम्मा सांगू लागली, की अमीनसाबांचा खानसामा निम्मं तूप मागच्या दारानं विकतो आणि साहेब मिशीला पीळ देत कोरडी रोटी खातात.

अमीनसाब स्वतः आले. बन्सीधर जिना सोडून मागच्या कडब्यावर उतरले. (उडी मारली असं ते म्हणत नाहीत.) मी हात जोडून उभा. साहेबांनी यंत्र न्याहाळलं आणि तुपाचं खरं का, एवढंच विचारलं. भागम्मा पदर सावरून म्हणाली, "खरं हाय." खानसाम्याची त्याच संध्याकाळी रवानगी झाली. आम्हाला हुकूम मिळाला, हैदराबादेहून परवाना येईपर्यंत फक्त ऐकायचं, बोलायचं नाही. जाताना साहेब माझ्याकडं जरा जास्तच बघून गेले. का, ते मागाहून कळलं.

दत्तराव आले तेव्हा मी लय खुशीत होतो. आवाज कसा होता, विचारलं. ते टोपी काढून उभे राहिले. साफ होता, म्हणाले. मग म्हणाले, "शेवटी वहिनी बोलल्या, हे त्या डब्याशी बोलत्यात तेवढं माझ्याशी बोलले असते, तर मला खिडकीत उभं राहावं लागलं नसतं."

जिनिंगमधल्या समद्यांनी ते ऐकलं होतं, अमीनसाबांनीही. आणि दत्तराव हे सांगायले तेव्हा भागम्मा दाराआड उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती ट्रंक घेऊन निघाली. मी स्टेशनपर्यंत गेलो. गाडी येईपर्यंत तिला बांबू किती उंच पाहिजे ते समजावून सांगितलं. दुसरं काही सुचलंच नाही, अप्पा.

थोरांना शरणार्थ, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
गुरुपाद

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. भागम्माच्या ट्रंकेत, बहुतेक इरकली लुगड्याच्या घडीत, आमच्या यंत्राचा मोठा बल्ब गेलाय. (रागानं की चुकून, विचारू नका.) त्याच्यावाचून सगळं काम अडलंय. काचेची चीज आहे, पोस्टानं पाठवू नका. कुणीतरी मांडीवर धरूनच आणायला पाहिजे.

पुन्हा ता. क. दत्तरावांनी कालच दुसरा बल्ब आणून बसवला. यंत्र झकास चालू आहे. हे तिला सांगू नका.