मागे सरकवलेला काटा

आई,

तू उठायच्या आत निघतो आहे. समोर उभे राहून हे सांगण्याचा धीर झाला नाही. आपला वजनकाटा खोटे बोलत होता, आणि ते त्याला मी शिकवले.

"पाळी गेली, पण जाताना सगळं बिऱ्हाड माझ्या कमरेवर ठेवून गेली," असे तू मावशीला फोनवर हसत सांगितलेस आणि नंतर बराच वेळ तशीच बसून राहिलीस. मला ते पाहवले नाही. मी काट्याची तळाची चकती फिरवून तुझे तीन किलो कमी केले. त्या आनंदात तू निळा ड्रेस शिंपीकाकांकडे कमरेत घट्ट करायला टाकशील, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. काल तो अंगात शिरेना, तेव्हा तू स्वतःलाच बोल लावलास, आणि मी गप्प राहिलो.

ड्रेस शिंपीकाकांकडे नेतो आहे. शिवणीत कापड शिल्लक आहे, उसवून सैल करता येईल. काटाही पुन्हा शून्यावर आणला आहे.

आणखी एकच सांगायचे होते, की संध्याकाळी फिरून येताना तू हल्ली जिन्याच्या वळणावर दम खायला थांबत नाहीस. तिथे मी काहीही फिरवलेले नाही.

तुझा,
घुम्या