पितृपक्षातला अर्ज

२८ सप्टेंबर १९३१
ट्रेनिंगला माझी निवड झाली! माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बकुळचीही. आमच्या मुलींच्या शाळेतून दोघीच. एक वर्ष शिकवायचं कसं ते शिकायचं, मग पक्की नोकरी. सहा वर्षं पहिलीला शिकवतेय — खरं म्हणजे ओरडतेय. मुली पाढे घडाघडा म्हणतात आणि दोन अन् तीन किती विचारलं की माझ्या तोंडाकडे बघतात.

बडी बहनजी, आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "कल ही जाकर नाम लिखवा लो. बिना ट्रेनिंग अब नौकरी नहीं टिकेगी."

घरी भावजींनी पंचांग काढलं. "वहिनी, कालच पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात नवं काम? घटस्थापनेला जा." ढुंढिराजभावजी दशाश्वमेधावर यजमानांची श्राद्धं करतात, त्यांना मी काय सांगणार! शिवाय मलाही पटलं. ह्यांचं श्राद्ध सप्तमीला.

२९ सप्टेंबर
बकुळ नाव घालून आलीसुद्धा. वर मला म्हणते, "ताई, पितर कुछ नहीं बोलते, दफ्तर बोलता है." आगाऊ कार्टी!

१२ ऑक्टोबर
घट बसवून नाव घालायला गेले. सगळं संपलं होतं. शनिवारी हुकूम आला — सरकारला तंगी, ट्रेनिंगचा वर्ग बंद. ज्यांची नावं आधी लागली त्यांनी एप्रिलपर्यंत उरकायचं. नवी भरती नाही, पुढंही नाही. कारकुनाने माझा अर्ज न बघताच परत केला.

जळलं मेलं माझं शहाणपण! भावजींना कशाला बोल लावू? पाय तर माझेच होते.

१३ ऑक्टोबर
जेवले नाही. भावजींनीही पानात तसंच टाकलं.

१५ नोव्हेंबर, रविवार
बकुळने मुन्शी घाटावर बोलावलं. पायरीवर चिंचोके मांडले. म्हणे आधी मुलीच्या हाताला कळू द्यायचं, मग तोंडाला. "ताई, हर इतवार आना. मला शिकवतील ते सगळं तुला सांगेन."

रडूच आलं मला. घाटावर, चारचौघांत!

१८ जानेवारी १९३२
दोन वर्षं पहिलीतच बसलेली गंगा. आज चिंचोके मांडून म्हणाली — पाच अन् चार नऊ! कुणी सांगितलं नव्हतं. मीच टाळ्या पिटल्या.

पण उपयोग काय? बिनट्रेंड बायांची यादी होतेय म्हणतात. शाळेत बिनट्रेंड मी एकटीच उरलेय.

३ मे
बकुळ पास झाली. पेढे घेऊन आली. तिच्या वर्गाला कुलूप लागलं, बाकंसुद्धा विकायला काढलीत म्हणे. मी अर्धाच खाल्ला, उरलेला डब्यात परत ठेवला.

जुलैत मला काढतील. मग दिवसभर चूल आणि जाऊबाईंची टोचणी. विधवेला तिसरं काय असतं!

९ जुलै
बडी बहनजींनी बोलावलं. चाव्या, हजेरीपुस्तक, सगळं परत द्यायला घेऊन गेले. शाळेच्या कमिटीने एकीला काढलं — बकुळला. नव्याने ट्रेंड झालेल्या बाईला पगार वाढवून द्यावा लागतो, तो आता झेपत नाही. तिचा वर्गही मीच घ्यायचा.

ऐकलं आणि मला हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू — हायसंच वाटलं. बाहेर येऊन बघते तर बकुळ बाकावर बसलेली.